एका पाकिटासाठी

मित्रांनो, भिंतीवरच्या खुंटीला लटकलेली, चेन तुटलेली काळी रेक्झिनची बॅग म्हणजे मी. माझी शिलाई शहराच्या भद्रकाली भागातल्या एका छोट्या कारखान्यात झाली. तीन कप्पे, रुंद पट्टा आणि पितळी रंगाची चेन. १९९९ साली मखमलाबादच्या कोंडाजींनी मला मेन रोडवरून विकत घेतलं. ते झेंडू आणि शेवंती पिकवायचे. त्यांची मुलगी प्रतिभा शालिमारजवळच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला लागली होती, तिच्यासाठी मी होते.

प्रतिभाचं काम रिपोर्ट पोचवण्याचं. पुढच्या कप्प्यात रिपोर्टची पाकिटं, मधल्यात डबा, मागच्यात छत्री. तिला हवी ती वस्तू न बघता हाताला लागायची. "शिस्त तुझ्या बॅगेकडून शिकावी," असं लॅबचे जयराम सर म्हणायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

दोन वर्षांनी तिने लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला नाव घातलं. सकाळी क्लास, मग नोकरी. माझ्यात एक पुस्तक आणि एक वही आली. त्याचा मला आनंदच झाला.

पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. क्लासमधली हर्षाली म्हणाली, "अगं, मागच्या बॅचच्या नोट्स आहेत, झेरॉक्स काढून घे." कुणी गाईड सांगितलं, कुणी दुसरं गाईड. मग कॉलेज रोडला सायबर कॅफे निघाले. प्रतिभा तिथे तासभर बसायची आणि प्रिंटचा गठ्ठा घेऊन यायची. एकाच विषयावर चार जणांनी चार तऱ्हेने लिहिलेलं. ती एक पान वाचायला घ्यायची, मध्येच दुसरं उघडायची, मग घाबरून तिसरं. "हे वाचलंच नाही आणि नेमकं हेच विचारलं तर?" असं ती पुटपुटायची. वाचून काहीच पुरं होत नव्हतं, नुसतं साठत होतं. माझा पट्टा तिच्या खांद्यात रुतायचा. छत्री गेली, डबा हातातल्या पिशवीत गेला आणि एक दिवस पुढच्या कप्प्यातही झेरॉक्स शिरले. त्या दिवसापासून मला भीती वाटू लागली.

एप्रिल २००३. परीक्षेला चार दिवस उरले होते. दुपारी जयराम सरांनी तिच्या हातात एक पाकीट दिलं.

"सिन्नरच्या नवसाबाईंचा रिपोर्ट आहे. चार वाजता त्यांच्या पोटाचं ऑपरेशन आहे. रक्त गोठायला फार वेळ लागतोय. हॉस्पिटलचा फोन लागत नाहीये, तू थेट डॉक्टरांच्या हातात दे."

रिक्षात बसल्याबसल्या तिने नोट्स काढल्या. पाकीट मांडीवर ठेवलं. द्वारका चौकात हॉस्पिटलपाशी रिक्षा थांबली तशी तिने घाईने सगळं एकदम माझ्यात कोंबलं. पाकिटाची कड एका जाड गठ्ठ्याच्या पिनेत अडकली आणि पाकीट पानांच्या आत दडलं. मला ते कळलं. तिला कळलं नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिने पुढचा कप्पा उघडला. पाकीट नाही. मधला, मागचा. गठ्ठे बाकावर ओतले, वरवर चाळले, परत भरले. पाकीट असलेला गठ्ठा दोनदा तिच्या हातून गेला. मी किती तडफडले, मित्रांनो! ती माझ्यात शोधत होती, आणि दाखवायला मला बोट नव्हतं.

नवसाबाईंचा मुलगा रंगनाथ पळत आला. "ताई, आईला आत नेत्यात. कागद घावला का?"

"शोधतेय, दादा."

"लय उशीर झालाय म्हणत्यात."

स्ट्रेचरवर नवसाबाई छताकडे बघत पडल्या होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. "रिपोर्ट अजून आला नाही" म्हणून निघून जाता आलं असतं. तिने मला तिथेच टाकलं आणि ती समोरच्या ऑपरेशन थिएटरच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, रिपोर्ट माझ्याकडे होता. तो मला सापडत नाहीये. पण यांचं रक्त लवकर गोठत नाही. आत्ता ऑपरेशन करू नका."

"तोंडी सांगितल्यावर मी थांबू?" डॉक्टर रागावले. "चुकीचं निघालं तर?"

"तर माझी नोकरी जाईल, सर. पण थांबा."

डॉक्टरांनी हातमोजे उतरवले. मग म्हणाले, "बाईंना वॉर्डात परत न्या."

प्रतिभा बाकाशी आली आणि जमिनीवरच बसली. आता ती एकेक पान उलटू लागली. एकशेचाळीस पानांच्या त्या गठ्ठ्यात, तिने कधीच न वाचलेल्या दोन पानांच्या मध्ये पाकीट होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आज चिरलं असतं तर रक्त थांबलं नसतं."

औषधं देऊन नवसाबाईंचं ऑपरेशन पाच दिवसांनी झालं. त्या चालत घरी गेल्या.

जयराम सर खूप ओरडले. मग त्यांनी मला टेबलावर पालथं केलं. "एक पुस्तक आणि तुझी वही घे. बाकीचं इथे राहू दे."

"पण सर, त्यातलं काही आलं तर?" तिचा आवाज रडवेला होता.

"आलं तर तेवढा प्रश्न सोडून दे. सगळं कुणालाच येत नाही गं. मलाही येत नाही."

प्रतिभा एका विषयात राहिली, तो ऑक्टोबरमध्ये सुटला. पुढे ती त्याच लॅबमध्ये स्वतः तपासण्या करू लागली. रिपोर्ट पोचवण्याचं काम होतं तोवर पाकिटं तिने वेगळ्या पिशवीत ठेवली. माझी चेन तुटली तेव्हा तिने नवी बॅग घेतली आणि मला खुंटीवर अडकवलं. चार वर्षं मी इथेच आहे. धूळ बसते, पण तक्रार नाही.

भीती मात्र गेलेली नाही. घरात कुणी कागदांचा नवा गठ्ठा आणला की माझ्या शिवणी आवळतात. मित्रांनो, आम्हा बॅगांना "आता पुरे" असं म्हणता येत नाही. आम्ही फाटेपर्यंत घेत राहतो. ते तुम्हालाच म्हणावं लागेल, आणि वेळेवर म्हणा.