घंटेशेजारचं नाव

मी मांतोवा शहरातल्या एका दारावरची पितळी पाटी बोलतेय. घंटेच्या शेजारी माझी जागा. माझ्यावर एकच नाव कोरलेलं होतं: ग्वाल्तिएरो बोनफात्ती.

हा ग्वाल्तिएरो कुलपं दुरुस्त करायचा. त्यानंच मला बनवून आणलं, स्क्रूंनी घट्ट बसवलं आणि लांब उभा राहून बघत बसला. माणसांना स्वतःचं नाव बघायला फार आवडतं. पुढे तो वारला, पण त्याची बायको एर्सिलिया मला काढेना. घरात एकटी बाई आहे हे कळलं की चोरांचं फावतं, असं इथल्या विधवांचं म्हणणं. त्यामुळे या गल्लीतल्या अर्ध्या पाट्यांवर मेलेल्यांचीच नावं आहेत. कुणी अनोळखी माणसानं घंटा दाबली की वरच्या मजल्यावरून, घंटेखालच्या बोलायच्या जाळीतून, एर्सिलियाचं ठरलेलं उत्तर यायचं, "घरात मी आणि माझा नवरा. तो झोपलाय. उठवू का?" माणूस निमूट निघून जायचा.

मग तिचे गुडघे गेले आणि तिचं सगळं बघायला मोल्दोव्हा देशातली व्हियोरिका रुस्नाक येऊन राहिली. मक्याचं पीठ किती वेळ ढवळायचं यावरून दोघींचा रोज वाद, आणि मग एकाच पातेल्यातून जेवण.

व्हियोरिकाकडे कामाचा परवाना होता, पण नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद नव्हती. ती झाली की ओळखपत्र मिळणार, आणि मग बहिणीकडे ठेवलेल्या लेकीला, दोइनाला, इकडे आणायच्या मागे लागता येणार. तिनं अर्ज दिला. इथली रीत अशी, की अर्जातली बाई त्या घरात खरंच राहते का हे बघायला पोलीस न सांगता दारावर येतो.

तो आला, साध्या कपड्यांत, व्हियोरिका बाजाराला गेलेली असताना. मला वाचून त्यानं कपाळाला आठी घातली आणि घंटा दाबली.

"रुस्नाक नावाची बाई इथे राहते का?"

"घरात मी आणि माझा नवरा. तो झोपलाय. उठवू का?"

"नको, झोपू दे," म्हणाला आणि गेला. अंगभर अक्षरं असून मला एक शब्द बोलता आला नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पुढे व्हियोरिका नगरपालिकेत चौकशीला गेली ती तणतणतच परत आली. किल्ली हातात असून तिनं घंटा दाबून धरली.

"कोण आहे?"

"मी. जी इथे राहतच नाही ती."

"काय बरळतेस गं?"

"पोलिसाला तुम्हीच सांगितलंत, बाई. आता अर्ज फेटाळतायत. माझ्या पोरीचं काय करू? विचारा तुमच्या नवऱ्याला, उठला असेल तर."



"मला वाटलं चोर आहे," एर्सिलिया पुटपुटली. "आणि खरं सांगू? तसं म्हटलं की तो आत झोपलाय असं मलाही वाटायचं."

"मला कळतं ते. पण माझी पोर जिवंत आहे, बाई."

दुसऱ्या दिवशी एर्सिलिया काठी टेकत स्वतः खाली आली. तिनं मला काढायला लावलं. मी म्हटलं, झालं, आता भंगारात. पण दोघींनी मला नाव कोरणाऱ्याकडे नेलं.

"मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर हिचं नाव घाल," एर्सिलिया म्हणाली.

"आणि तुमचं, आजी?" कोरणाऱ्यानं विचारलं.

"माझं कशाला?"

"घाला की," व्हियोरिका म्हणाली. "नाहीतर पुढच्या खेपेला पोलीस तुम्हाला शोधत येईल."

एर्सिलियानं जरा विचार केला आणि आपलं माहेरचं नाव सांगितलं, एर्सिलिया त्रेन्ती. इथल्या रीतीप्रमाणे लग्नानंतरही तिचं तेच होतं, पण दारावर ते कधी लागलं नव्हतं.

व्हियोरिकानं पुन्हा अर्ज दिला. पोलीस पुन्हा आला, मला वाचलं, आणि पिठाच्या हातांनी व्हियोरिकानंच दार उघडलं. तिचं ओळखपत्र झालं. दोइनासाठीची धावपळ आता कुठे सुरू झालीय.

ग्वाल्तिएरो भिंतीकडे तोंड करून आहे. त्याची काही तक्रार ऐकू आलेली नाही. माझं मागणं एवढंच, की आता मला पुन्हा उलटवू नका. कारण एर्सिलिया रोज सकाळी त्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरते. व्हियोरिकाचं नाव जागेवर आहे ना, ते बघून येते म्हणते, आणि स्वतःचं वाचून वर जाते.