एक खरा गोल

"हे त्यांना सांगायचं नाही हं, पद्मिनी-सान," कुराता-सान म्हणाले आणि चहाचा कप दोन्ही हातांनी तिच्यापुढे सरकवला.

पद्मिनी हसली. तिला वाटलं, उद्याच्या फुलांचं किंवा केकचं काहीतरी असेल. हामानो केमिकलच्या फुटबॉल संघात ती दीड वर्ष दुभाष्याचं काम करत होती. आकाशी या जपानी शहरातल्या तिच्या शेजारणी आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, म्हणून सुपरमार्केटात मासे पॅक करायला जायच्या, हिच्या वाट्याला एक इंग्रज सेंटर फॉरवर्ड आला होता. प्रशिक्षकांचं जपानी त्याला इंग्रजीत सांगायचं, त्याचं इंग्रजी सगळ्यांना जपानीत सांगायचं आणि मधल्या शिव्या गाळायच्या, एवढंच काम. काही सांगायचं नाही, हे काम मात्र नवीन होतं.

कुराता-सान संघाचे व्यवस्थापक. साठीला आलेले, मऊ बोलणारे, कोणाला दुखवायचं झालं तर स्वतःच आजारी पडतील असे गृहस्थ.

"उद्या मोसमातला शेवटचा सामना," ते म्हणाले. "मॉसली-सान शेवटची पंधरा मिनिटं खेळतील. इथे आल्यापासून त्यांच्या नावावर एकही गोल नाही. असं रिकाम्या हाताने त्यांना घरी पाठवणं बरं दिसत नाही. समोरच्या संघाचे प्रशिक्षक आणि मी एका कॉलेजात होतो, आमचं बोलणं झालंय. निकालाला धक्का लागत नाही असं दिसलं, की त्यांची मुलं जरा बाजूला होतील. गोलकीपरलाही कल्पना दिलीय."

पद्मिनीने चहाचा कप बाजूला सरकवला. "पण मॉसली-सानना हे आवडणार नाही."

"म्हणून तर सांगायचं नाही. तुम्हाला आधी सांगून ठेवलं, कारण ते सारखे तुमच्याकडे बघतात. तुमच्या चेहऱ्यावर काही दिसायला नको."

ते इतक्या मायेने बोलत होते, की तिला रागावताही येईना. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. ती "हाई", म्हणजे हो, म्हणाली, वाकली आणि बाहेर आली.

डेरेक मॉसलीची सगळी कारकीर्द तिला तोंडपाठ होती, कारण पहिल्या वर्षी मासिकवाल्यांना ती तिनेच सांगितली होती. उत्तर इंग्लंडातल्या एका गिरणगावातला जन्म. सोळाव्या वर्षी तिथल्या चौथ्या दर्जाच्या क्लबात लागला. सकाळी सराव करायचा, दुपारी मोठ्या खेळाडूंचे बूट घासायचे आणि गॅलऱ्या झाडायच्या. दोन वर्षं झाडू मारला तेव्हा कुठे संघात जागा मिळाली. मग तिसऱ्या दर्जाचा क्लब, मग दुसऱ्या. इंग्लंडच्या संघात कधी गेला नाही, जाण्यासारखा नव्हताही, हे तो स्वतःच सांगायचा. एकदा मात्र चषकाच्या सामन्यात एका बड्या क्लबाविरुद्ध त्याने चिखलातून असा गोल मारला, की आठवडाभर टीव्हीवर तोच दिसत होता. "लोक अजून तेवढंच विचारतात," तो कुरकुरायचा. "बाकीचे सगळे गोल मी काय झोपेत मारले?"

मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पुन्हा झालं, आणि क्लबाने हात वर केले. नेमक्या त्याच सुमारास जपानात व्यावसायिक फुटबॉलची लाट आली. प्रत्येक कंपनीला आपल्या संघात एक तरी परदेशी माणूस हवासा झाला. खालच्या लीगमध्ये खेळणाऱ्या हामानो केमिकलला परवडेल असा इंग्रज म्हणजे मॉसली. स्टेशनपासून मासळीबाजारापर्यंत त्याची पोस्टरं लागली. एका दुकानदाराने त्याच्या नावाचा जेवणाचा डबासुद्धा काढला, त्यात उकडलेल्या अंड्याचा फुटबॉल होता. आणि हा बाबा मैदानात उतरून जरा धावला, की गुडघा टम्म. पहिल्या मोसमात गोल नाही, दुसऱ्यात नाही. अंड्याचा फुटबॉल बंद झाला. पोस्टरं काढायचा उद्धटपणा मात्र कोणी केला नाही, उन्हाने त्याच्या चेहऱ्याचा रंग उडत गेला. लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. इथले लोक त्याला पाहून वाकायचे आणि नेटाने खेळा म्हणायचे.

त्या दिवशीही सराव संपल्यावर दोघं नेहमीप्रमाणे स्टेशनपर्यंत चालत आले. चारचौघांत मॉसली ताठ चालायचा. स्टेशनच्या मागच्या जिन्यावर कोणी नसलं, की कठडा धरून एकेक पायरी लंगडत चढायचा. हे लंगडणं फक्त पद्मिनीने पाहिलं होतं. वर पोचल्यावर तो दम खात थांबला. समोर समुद्रात नव्या पुलाचे दोन उंच मनोरे उभे होते. मध्ये नुसत्या तारा होत्या, रस्ता अजून व्हायचाच होता.

"पॅडी," तो म्हणाला. पद्मिनी हे नाव त्याला झेपलं नव्हतं, आणि संघातल्या प्रत्येकाचं नाव असं तोडूनच घ्यायचं असतं, असं त्याचं ठाम मत होतं. "उद्या मला एक गोल हवाय. जास्त नको. एकच, पण माझा मी मारलेला. तो झाला, की बूट काढीन आणि पुन्हा कशाबद्दल म्हणून कुरकुर करणार नाही."

"आणि नाही झाला तर?"

"नाही झाला तर नाही झाला. वीस वर्षं गोलकीपर लोकांनी माझ्या तोंडचा घास काढलाय. त्यांचा धंदाच आहे तो." तो हसला. "त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. अडवलेला बॉलसुद्धा खराच असतो."

सांगावं का? पद्मिनीच्या ओठांवर आलं होतं. सांगितलं तर हा उद्या मैदानात पाऊल ठेवणार नाही. कुराता-सानची मान खाली जाईल, त्यांच्या मित्राची जाईल, आणि याची ती शेवटची पंधरा मिनिटंही जातील. न सांगावं, तर हा आपल्याकडे असा विश्वासाने बघत उभा. तेवढ्यात गाडी आली. ती "गुड लक" म्हणाली आणि लगेच तिला आपल्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

जेवताना तिने नवऱ्याला, संजीवला सांगितलं. संजीव कोबेतल्या एका कंपनीत प्रोग्रामर होता, फुटबॉलशी त्याचा संबंध टीव्हीपुरता.

"म्हणजे कच्चं लिंबू केलं की त्याला!" तो म्हणाला.

"हसू नकोस रे."

"हसत नाहीये गं. पण प्रॅक्टिकली बघ ना. तो खूश होऊन घरी जाईल, क्लब खूश, पब्लिक खूश. तू कशाला टेन्शन घेतेस?"

"त्याला कळलं तर?"

"नाही कळणार. आणि कळलं तरी तू काय करणार आहेस? तू इंटरप्रिटर आहेस, कोच नाहीस."

त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीने, नुपूरने ताटातून मान वर केली आणि मॉसली-सान उद्या गोल मारणार का, असं जपानीत विचारलं. पद्मिनीने तिला आधी भाजी संपवायला सांगितलं.

कच्चं लिंबू. सोलापुरात गल्लीतली मोठी मुलं तिला लगोरीत घ्यायची. ती जीव तोडून पळायची आणि कधीच बाद व्हायची नाही. आपल्याइतकं चपळ कोणी नाही, या तोऱ्यात ती असायची. एकदा चेंडू सणसणीत पाठीत बसला, तरी खेळ चालूच राहिला. "सोड रे, ती कच्चं लिंबू आहे," कोणीतरी ओरडलं. पाठीचं दुखणं संध्याकाळपर्यंत गेलं, पण लगोरी ती पुन्हा खेळली नाही. तेव्हा ती सहा वर्षांची होती. मॉसली छत्तीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ होतं आणि समुद्रावरून गार वारा येत होता. हामानोचे दोन गोल झाले, समोरच्यांचा एकही नाही. शेवटी ध्वनिक्षेपकावरून मॉसलीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा सगळं मैदान उठून उभं राहिलं. मॉसली ताठ धावत आत गेला. पद्मिनी राखीव खेळाडूंच्या बाकाच्या टोकाला बसली होती.

पहिली काही मिनिटं तो नुसता इकडून तिकडे फिरला. मग कॉर्नरवरून आलेला चेंडू कोणाच्या तरी डोक्याला लागून उंच उडाला आणि गोलच्या समोर, त्याच्या उजव्या हाताला खाली यायला लागला. ठरलेलं असं यात काहीच नव्हतं. बाजूला व्हायला कोणाला वेळच मिळाला नाही. मॉसली अर्धा वळला आणि चेंडू जमिनीला लागायच्या आत त्याने उजवा पाय फिरवला.

फटका बसल्याचा आवाज बाकापर्यंत आला. चेंडू गोलच्या वरच्या कोपऱ्याकडे सुटला. गोलकीपर मियाके नावाचा कोवळा पोरगा होता. विचार करायला त्यालाही वेळ मिळाला नाही, काल काय सांगितलंय ते आठवायलाही नाही. तो अंग झोकून उडाला, चेंडू त्याच्या दोन्ही तळव्यांवर आदळला आणि दांडीवरून मागे गेला.

पद्मिनी कधी उभी राहिली तिला कळलं नाही. मॉसलीने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं आणि तो हसत होता. असं हसताना तिने त्याला दीड वर्षात पाहिलं नव्हतं. शाबासकी द्यायला हात उंच करून तो गोलकीपरकडे वळला.

मियाके ताठ उभा होता. चेहरा पांढराफटक पडला होता. मग तो कमरेतून वाकला. "सुमिमासेन!" तो मोठ्याने म्हणाला, आणि पुन्हा वाकला. चेंडू अडवल्याबद्दल तो माफी मागत होता.

तेवढं जपानी मॉसलीला येत होतं. त्याचा वर गेलेला हात तिथेच राहिला. त्याने जवळच्या डिफेंडरांकडे पाहिलं. ते गवताकडे बघत होते. मग तो वळला आणि त्याने थेट बाकाकडे, पद्मिनीकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसायला नको, असं कुराता-सान म्हणाले होते. तिने चेहरा लपवायला मान खाली घातली, आणि त्याला उरलेलं कळलं.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. चेंडू त्याच्याकडे आला. एका डिफेंडरचा पाय घसरला, दुसरा उशिरा वळला, मियाके डावीकडे पडला आणि पडूनच राहिला. समोर उघडा गोल. नका मारू, पद्मिनी मनात म्हणाली, आणि लगेच म्हणाली, मारा, संपवा एकदाचं. हजारो माणसं श्वास रोखून उभी होती. कुराता-सानने हात जोडले होते. न मारून तो बिचारा जाणार तरी कुठे? उंबऱ्यावरची दुधाची पिशवी आत सरकवावी, तसा त्याने चेंडू पायाच्या आतल्या बाजूने आत सरकवला.

मैदान दणाणून गेलं. कुराता-सान रडत होते, आणि त्यांचं रडणं अगदी खरं होतं. शिट्टी वाजल्यावर दोन्ही संघांच्या खेळाडूंनी मॉसलीला उचललं आणि इथल्या रीतीप्रमाणे तीनदा हवेत उडवलं. एवढा मोठा देह वर जायचा, हातपाय काहीतरी धरायला बघायचे आणि पुन्हा खाली यायचा.

मग त्याच्या हातात माइक दिला गेला. पद्मिनी शेजारी उभी राहिली. त्याने कंपनीचे आभार मानले, गावाचे मानले, तिने ते सांगितले. मग तो क्षणभर थांबला. "आणि त्या गोलकीपरला सांग, माफी मागायची नाही. कधीच नाही. आज इथे एकच गोष्ट खरी झाली, आणि ती त्याने केली."

पद्मिनीने माइक घेतला. समोर कुराता-सान डोळे पुसत होते. "माझा एक चांगला फटका मियाके-सानने फार सुंदर अडवला," ती जपानीत म्हणाली. "त्यांचेही आभार." लोकांनी त्याच्या नम्रतेला टाळ्या वाजवल्या. एरवी ती शिव्या गाळायची, आज तिने त्याचं खरं बोलणं गाळलं होतं.

"सगळं सांगितलंस?" त्याने हळूच विचारलं.

तिने माइक परत देऊन टाकला.

"काल जिन्यावर तुला माहीत होतं?"

"हो."

तो चिडला असता तर तिला रडता आलं असतं.

गॅलरीमागे बस उभी होती. कुराता-सानने गोलचा चेंडू काचेच्या पेटीत घालून आणला होता, खाली सोनेरी अक्षरांत तारीख होती. मॉसलीने वाकून तो घेतला आणि कुराता-सान गेल्यावर पद्मिनीच्या हातात दिला. "नुपूरला दे. पेटी काढून टाक, खेळू दे तिला."

एवढ्यात मियाके धावत आला. पुन्हा माफी मागायला आला होता. तो वाकलेला असतानाच मॉसलीने त्याचे दोन्ही हात धरले आणि उलटे केले. तळवे लालबुंद झाले होते, अंगठ्याच्या मुळाशी चांगलेच सुजले होते.

"विचार त्याला, अजून झोंबतंय का?"

पद्मिनीने विचारलं. मियाकेने मान वर न करता, भराभर, चांगल्या घरच्या मुलाने द्यावं तसं उत्तर दिलं. छे छे, अजिबात नाही, काहीही झालेलं नाही, आपण कृपा करून काळजी करू नये. मॉसलीला त्यातलं अक्षर कळलं नाही. तो पद्मिनीकडे बघत राहिला.

पद्मिनीने त्या तळव्यांकडे पाहिलं.

"फार झोंबतंय म्हणतोय," ती म्हणाली. "आज रात्रीपर्यंत... नाही, उद्यासुद्धा झोंबेल म्हणतोय."

मॉसलीने त्या सुजेवरून अंगठा फिरवला. मग त्याने पोराचे हात सोडले, बॅग खांद्याला लावली आणि तो बसकडे निघाला. दोन्ही बाजूंना सगळे खेळाडू रांगेत वाकून उभे होते. त्यांच्या मधून, सगळ्यांच्या देखत, तो लंगडत गेला.