तीर्थाच्या पळीतली गोळी

मी एक जुनी तांब्याची पळी आहे, मित्रांनो. नंदनवन नावाच्या वस्तीतल्या एका देवघरात पंचपात्रात उभी असते. पुष्पलताबाईंनी मला माहेरून, काटोलहून आणलं. त्यांनी चिंच लावून घासून घासून माझ्या दांड्यावरचा नाग पार गुळगुळीत केला.

एकदा बाईंना अंगभर खाज सुटली, झोप उडाली. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दोन गोळ्या दिल्या, एक खाजेची, एक झोपेची. त्यांचे यजमान भैयाजी दिवेलागणीला त्या देवापुढे ठेवायचे आणि माझ्यातल्या तीर्थासोबत बाईंना द्यायचे. खाज गेली, गोळ्या राहिल्या. देवापुढे ठेवलेलं बंद कसं करावं? तो नेमच झाला. संपल्या की भैयाजी रिकामं पाकीट दुकानात दाखवून नव्या आणत.

मग बाईंचं स्तोत्र मध्येच तुटू लागलं. मी तांदळाच्या डब्यात सापडू लागले. "वय झालं," सगळे म्हणाले. मला कुणी घासेना. मी काळी पडले.

एका संध्याकाळी बाईंनी भैयाजींनाच हात जोडले. "भाऊ, तुमी कोन? आमच्या घरचे बाहेर गेले. ते आले का मंग या."

भैयाजी हसले. "बरं वं. आले का सांग त्याईले, साखर संपली म्हनाव."

मग रोजच्यासारख्या दोन्ही गोळ्या तीर्थासोबत दिल्या.

दिवाळीच्या तोंडावर भैयाजी गेले. तेरवीलाही बाई दाराकडे पाहत होत्या. "साखर आनाले गेले ते."

उमरेडला दिलेली लेक हिमानी राहायला आली. तिने आईच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून दुसऱ्या डॉक्टरांपुढे ओतल्या. "या दोन अजून चालू आहेत?" ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात धुकं भरतं यांनी. पण एकदम नाही, हळूहळू बंद करू."

धुकं विरलं. एका सकाळी बाईंनी मला लख्ख घासलं, अख्खं स्तोत्र म्हटलं, तीर्थ घेतलं आणि वळल्या.

"हिमानी, तुहे बाबा कुठी हायेत वं? तीर्थ राह्यलं त्याईचं."

हिमानीने आईला जवळ घेऊन सांगितलं. बाईंनी मला पंचपात्रात ठेवलं.

"मी होती तिथं? वळखलं होतं ना मी त्याईले?"

"हो वं आई. वळखलं होतं."

देवासमोर ती खोटं बोलली. देवाने तेवढं पदरात घेतलं असेल.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस विसरू लागलं तर 'वय झालं' म्हणून मोकळे होऊ नका. आपल्या मनाने गोळ्या बंदही करू नका. सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, कोणती कशाला ते विचारा. आणि वेळेत विचारा.

भैयाजींच्या वाटणीचं तीर्थ बाई अजून रोज माझ्यात घेतात. ते तुळशीला जातं.