शुद्धिपत्रातलं नाव

हिवाळ्यातल्या सकाळी राइस मिलच्या कोंड्याची सोनेरी धूळ वर्गाच्या खिडकीतून आत येई, सरांच्या खडूची पांढरी धूळ तिच्यात मिसळे, आणि त्या दुहेरी धुक्यात उभे असलेले सर मला अर्धे माणूस, अर्धे प्रमेय वाटत. फळ्याला खडू टेकवण्याआधी ते त्याचे दोन तुकडे करीत. त्या बारीक आवाजानंतरच्या शांततेत गोंदिया स्टेशनावरची घोषणासुद्धा अदबीनं थबकल्यासारखी वाटे.

सरांचा ध्यास एकच: अरेषीय, अपूर्णांकी कोटीच्या अवकल समीकरणांना उत्तर असतं की नाही. उत्तर काय, हे नव्हे; आहे की नाही, एवढंच. "आहे, इतकं सिद्ध कर. कुठं आहे ते कायले पुसून राहिला?" असं ते म्हणत. साधं समीकरण चालू क्षणापुरतंच पाहतं, आपल्या समीकरणाला मात्र पहिल्या क्षणापासूनचं सगळं आठवतं, हे सांगताना त्यांचा स्वर नवेगावच्या तळ्यावरल्या कलत्या उन्हासारखा मऊ होई. तिरोड्याहून पॅसेंजरनं येणाऱ्या माझ्यासारख्या भाबड्या संशोधकाला तेवढं पुरेसं होतं.

दोन वर्षं खपून मी एक प्रमेय सिद्ध केलं आणि वही सरांच्या हाती दिली. वर्षभरानं ते एका नियतकालिकात छापून आलं, तेव्हा मी असा हुरळलो की शीर्षकापलीकडे काही वाचलंच नाही; थेट पेढे वाटत सुटलो. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं पेढा चघळत पान निरखलं आणि विचारलं, "भैया, इसमें तेरा नाम किधर है?"

कुठंच नव्हतं. लेखक एकटे सर. अनंताशी झुंजायला निघालेल्या मला एक नाव मोजता आलं नव्हतं.

विचारायला गेलो. सरांनी खडू मोडला, खिडकीकडे पाहिलं. "प्रमेय आलं ना जगात? नावाचं काय घेऊन बसला?" आणि मी पट्टीचा मूर्ख, त्या वाक्यात विरक्तीचं दर्शन घेऊन, वाकून नमस्कार करून परतलो.

पुढं कुणीतरी त्या प्रमेयातली चूक दाखवली. उत्तर एका मर्यादेबाहेर जाणार नाही, हे मी सिद्ध न करताच धरून चाललो होतो. बांध घालायच्या आधीच तळं भरल्याची दवंडी पिटावी, तसं. मग सरांचं शुद्धिपत्र छापून आलं: सदर त्रुटी एका विद्यार्थ्याच्या टिपणांतून आली. सोबत माझं नाव, आडनावासकट, एका अक्षराचीही चूक न होता. छापील जगात माझं नाव आहे ते एवढंच. या खेपेला पेढे वाटले नाहीत.

सर गेल्यावर त्यांच्या पत्नीनं ती वही मला परत दिली. नेमक्या त्या ओळीसमोर सरांच्या हातची लाल खूण होती: बरोबर. शेजारी खडूनं माखलेल्या अंगठ्याचा पांढुरका ठसा. चूक दोघांची होती, आणि हे जगात फक्त त्या वहीला ठाऊक.

विसरावं म्हणतो. पण सरांनीच शिकवलेल्या समीकरणांसारखं मन झालंय. उन्हात कोंड्याची धूळ तरंगू लागली की त्या पहिल्या सकाळपासूनचा प्रत्येक क्षण आजच्या क्षणावर आपलं वजन टाकतो, आणि ज्यानं मला पुसून टाकलं त्याच्याच खडू मोडण्याच्या आवाजासाठी मी, कोऱ्या फळ्यापुढे, कान देऊन उभा असतो.