बायकोने भरलेला फॉर्म

कंपनीच्या गाड्या कोणी चालवायच्या, हे यंदा नव्याने ठरणार होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बेचाळीस मिस्त्र्यांनी फॉर्म भरायचा, डोळे तपासून घ्यायचे आणि तपासणीच्या बाईंना शेजारी बसवून गाडी चालवून दाखवायची. मग हिरवं कार्ड. कार्ड नाही तर किल्ली नाही, आणि किल्ली नाही त्याने गोदामात अवजड मशिनं उचलायची.

आपल्या या गोष्टीतल्या मिस्त्रीची कंबर दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून कशीबशी जागेवर आणलेली. गोदामात गेला तर महिनाभरात घरीच बसणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याचं अक्षर इतकं दिव्य की चार दिवसांनी त्यालाही वाचता येत नसे. त्यामुळे घरातले सगळे अर्ज बायको भरायची. ती विचारायची, तो दाढी करता करता उत्तरं द्यायचा.

"तीन वर्षांत गाडी कुठे आपटली, घासली?"

"नाही लिही. सगळे तेच लिहितात."

ती चांगल्या तीन ओळी लिहीत बसली. एका 'नाही'ला एवढा वेळ लागत नाही, हे इतकी वर्षं संसार करूनही या गृहस्थाला कळू नये! त्याने न वाचताच सही ठोकली.

तपासणीच्या दिवशी बाईंनी त्याचा फॉर्म पुढे ओढला आणि मोठ्याने वाचला. "होय. गाडी मागे घेताना डेपोच्या फाटकाजवळच्या खांबावर आपटली. मागचा कोपरा चेपला. संध्याकाळच्या आत रंग लावून घेतला."

हे सगळं त्यानेच जेवताना बायकोला हसत हसत सांगितलं होतं.

"खरं आहे हे?" बाईंनी विचारलं.

नाही म्हणावं तर बायको खोटी पडत होती. "खरं आहे, मॅडम," तो कसाबसा म्हणाला.

बाईंनी किल्ली पुढे केली. "चला त्याच खांबापाशी. गाडी मागे घेऊन दाखवा."

गाडीत बसण्याआधी मिस्त्री मागे चक्कर मारून आला, खांबापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं आणि मगच बसला.

"हे काय?"

"त्या दिवसापासून लागलेली खोड आहे. जरा वेळ जातो."

गाडी खांबापासून बरोबर हातभर अलीकडे थांबली. बाई पहिल्यांदाच हसल्या.

"बाकीच्या एकेचाळीस जणांनी 'नाही' लिहिलंय. एकाच्याही गाडीला ओरखडा नाही म्हणे! आणि तुमच्या डेपोच्या रंगाऱ्याने वर्षात गाड्यांचा अकरा डबे पांढरा रंग संपवलाय. कुठे लावला, आकाशाला?" त्यांनी हिरव्या कार्डावर सही केली. "त्यांना पुन्हा बोलावते. तुम्ही लागा कामाला."

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. आता एकेचाळीस जणांच्या शिव्या खाव्या लागणार होत्या. खाऊ की, त्यात काय!

बायकोला चांगलं झापायचं ठरवून त्याने फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"गेली का हो गाडी? मीच घालवली ना?" तिने एका दमात विचारलं. "लिहिल्यापासून घशाखाली घास उतरत नाहीये."

"मग लिहिलंस कशाला?"

"तुम्ही हसत सांगितलंत, पण त्या खांबाच्या जागी माणूस असता तर? तेच मनातून जाईना."

मिस्त्रीचं झापायचं राहूनच गेलं. त्याच्याही मनातून तेच जात नव्हतं, म्हणून तर तो दर वेळी उतरून मागे बघून यायचा. हसून सांगितलं होतं ते भीती झाकायला.

"कार्ड मिळालं," तो म्हणाला. "तुझ्यामुळेच मिळालं. जेवून घे आता."

पलीकडे ती रडतेय की हसतेय, त्याला कळेना. त्याने फोन खिशात टाकला, गाडीच्या मागे एक चक्कर मारली आणि कामावर निघाला.