दहापैकी नऊ

पहिलं परीक्षण मंगळवारी सकाळी साडेदहाला आलं. धाकट्याने ते खुर्चीवर उभं राहून वाचलं. त्यांच्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता आणि नेमकं तेव्हाच तिथलं यंत्र घरघरायला लागलं, त्यामुळे त्याला ओरडावं लागलं.

"दहापैकी नऊ! ताई, नऊ!"

थोरली आपल्या टेबलापाशी हात मांडीत घेऊन बसली होती. "आकडा राहू दे. लिहिलंय काय?"

"'या गेममध्ये मी चाळीस वेळा मेलो आणि एकदाही चिडलो नाही. कारण हा फासा कुणाच्याच बाजूचा नाही. मारतो तेव्हाही सरळ मारतो.'"

तिने तेवढं ऐकलं, आत गेली, बेसिनचा नळ मोठा सोडला आणि पोटभर रडली. बाहेर येऊन म्हणाली, "पुन्हा वाच. सावकाश वाच."

चार वर्षं दोघं भावंडं त्या दोन खोल्यांत बसून हा गेम करत होती. नाव 'पडेल ते'. एक लढवय्या जमिनीखालच्या खोल्यांमधून उतरत जातो. त्याच्या हातात हत्यार नसतं, फासा असतो. शत्रू अंगावर येत असताना, पळता पळता, फासा टाकायचा. एक पडला तर हात रिकामा, तीन पडले तर ढाल, सहा पडले तर वीज. मेलात की पुन्हा पहिल्या खोलीपासून, आणि खोल्याही दर वेळी नव्याने मांडलेल्या. नियम, खोल्या आणि फासा थोरलीने लिहिले होते. शत्रू, चित्रं, हालचाली धाकट्याच्या. ती अडतीसची, तो एकतीसचा. पण तो अजून 'ताई, हे बघ ना' असं म्हणत स्क्रीन तिच्याकडे वळवायचा, शाळेतली वही दाखवावी तसा.

त्यांचे वडील आयुष्यभर वजनमापं तपासायचे. दुकानादुकानांत जाऊन वजनं उलटी करून बघायची, खाली पोखरलेलं सापडलं की जप्त करायचं, हीच नोकरी. दुकानदार त्यांना चहा विचारायचे आणि ते नको म्हणायचे. थोरलीने हे लहानपणापासून पाहिलेलं. बहुतेक गेममध्ये फासा खेळणाऱ्याला गुपचूप सांभाळून घेतो, हे तिला धंद्यात आल्यावर कळलं, तेव्हा तिला ते पोखरलेल्या वजनासारखंच वाटलं. म्हणून तिने स्वतःच्या गेममधला फासा कोरा ठेवला, पडेल तेच दाखवणारा. प्रत्येक मुलाखतीत ती एकच वाक्य सांगायची, "आमचा फासा खोटं बोलत नाही." धाकटा शेजारी बसून मान हलवायचा.

पुढच्या आठवड्यात आठ आले, साडेआठ आले, आणखी एक नऊ आला. कुणी चित्रांची तारीफ केली, कुणी संगीताला नावं ठेवली, पण फाशाबद्दल सगळ्यांचं एकमत. एरवी कुणी एक कागद वाया घालवला तरी खेकसणारी थोरली, तिने परीक्षणं छापून भिंतीवर लावली. धाकटा म्हणाला, "आता आरती ओवाळ त्यांना." ती हसली. भिंतीवरच्या एका कागदाचा कोपरा सुटला होता, तो तिने अंगठ्याने दाबून बसवला.

मग कडूकाकांनी लिहिलं.

कडूकाका हे वाचकांनी ठेवलेलं नाव. माणूस पंचेचाळिशीचा, एकटाच लिहिणारा, कुणालाही सातच्या वर गुण न देणारा. त्याने यावेळी गुणच दिले नव्हते. लिहिलं होतं की त्याने आपला सगळा खेळ रेकॉर्ड केला आणि चार हजार दानं मोजली. एरवी सगळं ठीक. पण लढवय्याचा जीव चौथाईच्या खाली आला की सहाचं दान जवळजवळ दुप्पट वेळा पडतं. अशी नऊशे दानं होती; त्यांत दीडशेच्या आसपास सहा पडायला हवेत, पडले तीनशे सहा. 'माझी मोजणी चुकली असेल तर दाखवून द्या, मी माफी मागेन,' असा शेवट होता. 'पण तोवर मी म्हणेन की या फाशात वजन घातलंय.'

थोरलीच्या कानशिलांत आग उठली. "वजन घातलंय? मी?"

"सोड ना, ताई," धाकटा म्हणाला. "एका माणसाचं काय घेऊन बसलीस? इतक्या जणांनी डोक्यावर घेतलंय."

"त्यांनी जे डोक्यावर घेतलंय तेच तो खोटं म्हणतोय. कळतंय का तुला?"

"कळतंय. पण उत्तर दिलं नाहीस तर चार दिवसांत विसरतील."

तिला ते भित्रेपणाचं वाटलं. तिने त्याला न विचारता उत्तर लिहून टाकलं आणि ते सौम्य नव्हतं. ज्यांना नशिबाने जिंकणं पचत नाही ते आकडेमोड करत बसतात, असं लिहिलं. शेवटी म्हटलं, शुक्रवारी दुपारी तीन वाजता या, सगळ्यांच्या देखत. लोकांच्या हातात गेलेली जी प्रत आहे तिचाच कोड उघडून दाखवते.

गुरुवारी धाकटा दोनदा तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. पहिल्यांदा म्हणाला, "चहा घेणारेस?" दुसऱ्यांदा ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती, तो क्षणभर थांबला आणि परत गेला.

शुक्रवारी तीन वाजता सहा हजार लोक ऑनलाइन बघत होते. कडूकाका स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत होता; शर्टाची वरची दोन्ही बटणं लावलेली, जणू मुलाखतीला आलाय. थोरलीने फाशाचा भाग उघडला. चाळीस ओळी, तिला तोंडपाठ. एकेक ओळ तिने समजावून सांगितली. कुठेही काही नव्हतं.

"झालं समाधान?" तिने विचारलं.

"या ओळी चोख आहेत," कडूकाका म्हणाला. "एकच विनंती. इथून जो आकडा निघतो तो पडद्यावर जाईपर्यंत त्याला मध्ये कुणी हात लावतं का, ते शोधता येईल?"

"शोधा ना. मला काय भीती?"

तिने कोडमध्ये शोध घेतला. दोन ठिकाणं निघाली. पहिलं तिच्या ओळखीचं, पडद्यावर फासा गरगर फिरवणारं. दुसरं शत्रूंच्या हालचालींच्या फाइलमध्ये, आठशेव्या ओळीच्या खाली, जिथे तिचं कधी जाणंच होत नसे. सात ओळी होत्या. जीव चौथाईच्या खाली असेल आणि दान तीनपेक्षा कमी पडलं असेल, तर दोनात एकदा ते बदलून सहा करायचं. लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख शेजारी आपोआप आलेली होती.

ती वाचत राहिली. सहा हजार लोकांनाही तेच दिसत होतं. पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"आपण इथे थांबूया का?" कडूकाका हळू आवाजात म्हणाला. जिंकल्याचा काही भाव त्याच्या चेहऱ्यावर नव्हता, आणि ते तिला जास्त लागलं.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. आपण बोलतोय ते जगातल्या प्रत्येक पकडल्या गेलेल्या माणसासारखं वाटतंय, हे तिला बोलतानाच कळलं. "तुमची मोजणी बरोबर आहे. मी तुमच्याबद्दल जे लिहिलं त्याची माफी मागते." मग तिने संगणकच बंद केला, कारण नुसती खिडकी बंद करायचं बटण तिला सापडेना.

धाकटा दारात उभा होता.

"तारीख बघितलीस?" ती म्हणाली. "बाबांच्या ऑपरेशनचा आठवडा. मी हॉस्पिटलमध्ये त्यांच्या उशाशी बसले होते. तू इथे बारा जणांना बोलावून गेम खेळायला दिलास. आणि मला फोन केलास."

"हो."

"काय सांगितलंस फोनवर?"

त्याने दाराची कडी उगाच वरखाली केली.

"बोल ना. काय सांगितलंस?"

"की सगळे दोन तास बसले. कुणी उठायला तयार नव्हतं."

"आणि खरं काय होतं?"

"अर्ध्या तासात नऊ जण उठून गेले, ताई. एकाने माउस आपटला. म्हणाला, हा गेम माझा अपमान करतोय. तू तिकडे बाबांजवळ, तीन रात्री न झोपलेली. तुला काय सांगणार होतो मी? दुसऱ्या दिवशी त्या सात ओळी घातल्या आणि दुसरे बारा जण बोलावले. ते बसले. दोन तास बसले. तेच सांगितलं तुला. खोटं नव्हतं ते, फक्त..."

"फक्त?"

"फक्त दुसरे बारा होते."

"नंतर सव्वा वर्ष गेलं. मी शंभर ठिकाणी बोलले. तू शेजारी बसून मान हलवत होतास."

"सांगितलं असतं तर तू काढून टाकलं असतंस."

"अर्थात."

"म्हणूनच नाही सांगितलं." आता त्याचाही आवाज चढला. "ते नऊ गुण कुणाला मिळालेत वाटतं तुला? तुझ्या फाशाला? तुझ्या फाशाला लोक माउस आपटून गेले! 'राग येत नाही' म्हणतात ना, तो माझ्या सात ओळींमुळे येत नाही. भिंतीवर लावलंयस ते सगळं माझ्या खोटेपणाचं कौतुक आहे. मी म्हटलं का कधी, की माझं आहे?"

हे तिला अपेक्षित नव्हतं. फसवलं इतकंच असतं तर ती ओरडली असती. पण चार वर्षांत कमावलेली एकच गोष्ट, आपलं खरं होतं ही, त्याने तीच तिच्या हातातून काढून घेतली होती, आणि तीही पहिल्या नऊ गुणांच्या आधीच.

"काल सांगायला आलो होतो," तो म्हणाला. "तू फोनवर कुणाला तरी सांगत होतीस, की माझा भाऊ नसता तर हा गेम झालाच नसता."

"जा तू," ती म्हणाली. "आत्ता जा."

संध्याकाळी ती वडिलांकडे गेली. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. पाय तिकडे वळले. वडील खिडकीपाशी बसून नखं कापत होते. तिने सगळं सांगितलं, सात ओळी, तारीख, सहा हजार लोक. या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही, याचाच तिला आधार होता.

वडिलांनी नेलकटर मिटलं.

"मला त्याने तेव्हाच सांगितलं होतं," ते म्हणाले.

"कधी?"

"हॉस्पिटलमध्येच. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. त्याच्या पोटात राहिना. म्हणाला, ताईला सांगू का? मी म्हटलं, नको. सध्या नको."

"सध्या," ती म्हणाली. "सव्वा वर्ष झालं, बाबा."

"मी आजारी होतो गं. तुम्ही दोघं भांडू नका, एवढंच मला हवं होतं. आणि खेळच तर आहे. त्यात कुणाचं पाव किलो कमी भरतंय?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. दुकानदाराचा चहासुद्धा न घेणारा माणूस. तिच्या मुलाखती ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. ते वाक्य आलं की 'ऐका' म्हणायचे. तेव्हाही त्यांना माहीत होतं.

"तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात," ती म्हणाली. "उद्या पाठवते." आणि चपला घालून निघाली.

पुढचे दिवस जसे जायचे तसे गेले. ज्याने पहिले नऊ दिले होते त्याने लिहिलं, 'मला गंडवलं गेलं', आणि नवाचे पाच केले. दुसऱ्याने लिहिलं की बाईंनी भावाच्या नावावर पाप ढकललं. खेळणाऱ्यांपैकी पुष्कळ जण म्हणाले, आम्हाला मजा येत होती, फाशात वजन असो नाहीतर दगड. त्या लोकांचा तिला सर्वांत जास्त राग आला.

तिने एका आठवड्यात सात ओळी काढल्या आणि कोऱ्या फाशाची प्रत लोकांपुढे ठेवली. धाकटा घरी बसला होता. त्याचे फोन तिने घेतले नाहीत. महिन्याभराने कडूकाकाने नव्याने परीक्षण लिहिलं. 'आता हा गेम प्रामाणिक आहे,' असं त्यात होतं. 'तो अवघड आहे, मधल्या खोल्यांत कंटाळवाणा आहे, आणि शेवटच्या जीवावर असताना लागोपाठ तीनदा रिकामा हात देतो, तेव्हा खेळणाऱ्याने काय करावं याचं उत्तर त्याच्याकडे नाही. फासा कोरा ठेवणं पुरेसं नव्हतं. त्याच्या भोवतीचा खेळही तसा बांधायला हवा होता. सहा.'

तिने ते दोनदा वाचलं. तिला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात कुणाचा हात नव्हता. भिंतीवरचे कागद तिने आदल्याच आठवड्यात काढले होते; हे तिने लावलं नाही, पण मधल्या खोल्यांबद्दलच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कामाला लागली. रिकाम्या हातानेही काहीतरी करता आलं पाहिजे, हे तिला स्वतःला सुचायला हवं होतं. धाकट्याने नऊ जणांबद्दल तेव्हाच सांगितलं असतं तर सव्वा वर्षापूर्वीच सुचलं असतं. हे तिच्या मनातून जात नव्हतं. त्याने तिचं खोटं कौतुकच नुसतं करवलं नव्हतं, तिची खरी चूकही तिच्यापासून लपवली होती.

दोन महिन्यांनी धाकटा ऑफिसात आला. दाढी वाढलेली, हातात हेल्मेट. तिने त्याला बसायला सांगितलं.

"शत्रूंच्या हालचाली तुला एकटीला जमणार नाहीत," तो म्हणाला.

"नाहीच जमत."

"मग येऊ का परत?"

तिने समोरची वही मिटली. "ये. पण तू लिहिलेली एकेक ओळ मी वाचल्याशिवाय बाहेर जाणार नाही."

"एकेक?"

"एकेक. आणि कुणाला खेळायला बोलावशील तेव्हा मी त्या खोलीत असेन."

त्याने हेल्मेटची पट्टी बोटाभोवती गुंडाळली. "म्हणजे आयुष्यभर तपासणार."

"माहीत नाही, किती दिवस. खरंच माहीत नाही मला."

"सोमवारी सांगतो," तो म्हणाला.

सोमवारी त्याचा फोन आला नाही, पुढच्या सोमवारीही नाही. वडिलांकडून तिला कळलं की त्याने दुसऱ्या एका कंपनीत काम धरलंय, मोठी मंडळी आहेत, तो खूश आहे. वडील हे सांगताना तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती गोळ्यांची पाकिटं वारांप्रमाणे डबीत भरत होती. "बरं झालं," ती म्हणाली, आणि गुरुवारचा कप्पा भरून झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी तिने हालचाली लिहिणारा माणूस हवा म्हणून जाहिरात दिली.