मास्तरांचा पांढरा

“बाजूला व्हा वहिनी, तुमची सावली पडतेय.”

वहिनींची सावली पडत नव्हती. त्या टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या आणि दिवा मास्तरांच्या डोक्यावर होता. तरी त्या दोन पावलं मागे सरकल्या. मास्तरांच्या हाताखाली सहा वर्षं काढल्यावर मागे सरकणं अंगवळणी पडतंच.

टेबलावर एक जुना रंगीत मॉनिटर पाठ उघडी टाकून बसला होता. सकाळी डिझाइनच्या खोलीतून आला तेव्हा त्याच्या पडद्यावर चित्राऐवजी मधोमध एकच आडवी रेघ होती. मास्तर लाकडी काडीने आतल्या बोर्डावर टकटक करत गेले. एका जागी टिचकी बसताच रेघ क्षणभर फुलली आणि पुन्हा मिटली.

“सापडला चोर! टाका सुटलाय. बंद करा, ट्यूबमधला करंट उतरवा आणि सोल्डर मारा. एवढं तरी जमेल ना?”

“हो मास्तर.”

सोल्डरिंग हे हलकं काम आहे, ते आपण करत नाही, असं मास्तर वर्षभरापासून सांगत होते. बोर्डावरचे बारीक टाके आपल्याला आता नीट दिसत नाहीत, हे त्यांनी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. वहिनींनी टाका मारला, मॉनिटर लावला, पडदा काठोकाठ भरला. मास्तरांनी ‘हं’ केलं. त्यांच्याकडे शाबासकीची पद्धत नव्हती.

कारखाना कापड छापण्याचा. डिझाइनच्या खोलीत असे सहा मॉनिटर होते, सगळे जुने, काचेच्या जाड ट्यूबचे. पडद्यावर दिसेल तोच रंग पुढे कापडावर उतरायचा, म्हणून पडद्यावरचा पांढरा हा पांढराच असावा लागे. तो चुकला की पुढचे सगळे रंग चुकले. मॉनिटरच्या पोटात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे तीन छोटे स्क्रू असतात. ते थोडेथोडे फिरवत पांढरा जुळवायचा, ही मास्तरांची मक्तेदारी. साहेबांनी एकदा रंग मोजायचा मीटर घेऊ का म्हणून विचारलं होतं, तेव्हा मास्तर आठ दिवस घुश्शात होते. “मीटर कशाला? माझे डोळे मेले का?” असं ते सगळ्यांना ऐकवत फिरले.

वर्षापूर्वी वहिनी एकदाच बोलून गेल्या होत्या. “मास्तर, जरा निळा नाही का वाटत?” मास्तरांनी त्यांना हाताला धरून डिझाइनच्या खोलीत नेलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं. “ऐका हो, ह्या बाईंना रंग कळायला लागले! नवरा गेला म्हणून दयेने नोकरी मिळाली, आता माझी खुर्ची हवीय ह्यांना.” कोणीतरी हसलं. वहिनींचा नवरा ह्याच कारखान्यात छपाईच्या मशीनवर होता, त्याचे मित्र खोलीत बसलेले होते. तेव्हापासून वहिनींनी पडद्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आजही मास्तरांनी पांढरा जुळवला, स्क्रू हलू नयेत म्हणून प्रत्येकावर नेलपॉलिशचा थेंब टाकला आणि ते चहाला गेले. पाठ बंद करून मॉनिटर जागेवर पोचवणं हे वहिनींचं काम. ह्या वेळी मात्र मास्तरांनी निळ्या स्क्रूवर थेंबाखाली आपल्याच डोक्यातला एक केस चिकटवून ठेवला होता. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका मॉनिटरमध्ये त्यांच्या नखाला नेलपॉलिशचे दोन थर लागले होते, एकावर एक. आपण एकच थेंब टाकतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॉनिटर परत मागवला आणि पाठ उघडली. थेंब जागेवर होता. नखाने खरवडून पाहिला. केस नव्हता.

मास्तरांना जो आनंद झाला तो पगारवाढीच्या दिवशीही झाला नव्हता.

साहेबांच्या खोलीत वहिनी उभ्या होत्या, मास्तर बसले होते.

“स्क्रूला हात लावला होता?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

“ह्या एकाच मॉनिटरच्या?”

“सगळ्यांच्या. वर्षभर.”

“कशासाठी?”

वहिनींनी मास्तरांकडे पाहिलं. 

“बोला की! आता दातखीळ बसली का?” मास्तर म्हणाले.

“चुकलं माझं,” वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी डोक्याला हात लावला. वर्षभर कारखान्याचे रंग एका मदतनीस बाईच्या मनावर चालले होते, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. त्या वर्षात रंगाची एकही तक्रार आली नव्हती, हे मात्र त्या खोलीत कोणाच्या डोक्यात आलं नाही.

“साहेब, दुसऱ्या खात्यात टाका,” वहिनींनी हात जोडले. “झाडलोट करीन. घरात सासूबाई अंथरुणावर आहेत, मुलीचं शिक्षण आहे. कमावणारी मी एकटीच.”

साहेब घुटमळले. मनाने वाईट नव्हते. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, आणि तिथे मास्तरांनी एवढंच म्हणायचं होतं की, बघा साहेब, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

“साहेब, घातपात करणाऱ्याला आज झाडू द्याल, उद्या गोदामाची किल्ली द्यावी लागेल,” मास्तर म्हणाले. “मी तर असल्या माणसाबरोबर एका छपराखाली काम करणार नाही.”

दुपारच्या आत वहिनी फाटकाबाहेर होत्या.

रात्री जेवताना मास्तरांनी हे सगळं बायकोला चवीने सांगितलं. केसाची युक्ती तर दोनदा सांगितली. बायकोचा वाढता हात थांबला.

“कोणाला काढलं? वहिनींना?”

“मग काय पूजा करायची होती तिची?”

“अहो, काय करून बसलात हे!” ती खालीच बसली. “मीच सांगितलं होतं त्यांना.”

“काय सांगितलंस?”

“मागच्या वर्षी तुम्ही नवी कोरी पांढरी चादर पिवळी आहे म्हणून दुकानात परत केलीत. दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तेव्हाच मी समजले. तुमच्यापुढे मोतीबिंदूचं नाव काढायची सोय नाही. मी गेले वहिनींच्या घरी. म्हटलं, ह्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, तेवढी इज्जतीत जाऊ द्या. मी पाया पडत होते, पडू दिलं नाही त्यांनी. म्हणाल्या, मॉनिटरची पाठ लावायच्या आधी मी बघून घेत जाईन, मास्तरांना कळणार नाही.”

मास्तरांचा घास हातातच राहिला.

“मग साहेबांसमोर तोंड उघडायचं होतं तिनं!”

“उघडलं असतं तर आज घरी कोण बसलं असतं?”

 मास्तरांना लाज वाटली. खरोखर वाटली, अंग गरम होईपर्यंत वाटली. बायको म्हणाली, “उद्या साहेबांना सांगा आणि त्यांना परत आणा. डोळ्यांचं ऑपरेशनही करून घेऊ.” मास्तर म्हणाले, “बघू.” त्यांच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही, हे बायकोला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. डोळ्यांचं नाव काढलं तर साहेबांना सगळं उमगायला कितीसा वेळ लागणार होता?

साहेबांच्या हुकमावरून मास्तरांनी सहाही मॉनिटर पुन्हा आपल्या नजरेने जुळवले. आठवड्याभरात ते परत यायला लागले. आधी एक, मग एकदम दोन. प्रत्येक वेळी मास्तर पांढरा नव्याने जुळवत होते आणि प्रत्येक वेळी डिझाइनवाली मुलगी मान वाकडी करून म्हणत होती, “मास्तर, अजून निळा मारतोय हो.”

साहेब वैतागले. “त्या बाईनं जाता जाता काय करून ठेवलंय कोण जाणे!”

“हो ना साहेब,” मास्तर म्हणाले. “तिचं निस्तरायला वेळ लागणार.”

हे बोलताना त्यांची जीभ अडखळली नाही. त्याचं त्यांनाच नवल वाटलं, पण थोडंसंच.

सोमवारी साहेबांनी निक्षून सांगितलं. मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. आज दुपारी ते स्वतः पडद्यासमोर बसून बघणार होते. आज जमलं नाही तर बाहेरचा माणूस मीटर घेऊन येईल, आणि मास्तरांनी मग घरी आराम करावा.

मास्तर सकाळपासून एकाच मॉनिटरला चिकटून होते. निळा कमी केला की त्यांना पडदा पिवळा दिसे. वाढवला की छान पांढरा दिसे, आणि छान दिसला की ते स्क्रू पुन्हा मागे फिरवत. किती कमी करायचा ह्याला काही मापच नव्हतं. अकराला डिझाइनवाली डोकावली, “निळाच आहे अजून,” म्हणाली आणि गेली. त्यानंतर त्यांनी स्क्रू इतका मागेपुढे केला, की आपण कुठून निघालो होतो हेही त्यांना आठवेना.

तेवढ्यात दारात वहिनी उभ्या राहिल्या. हातात कागद होता.

“कामाचा दाखला हवाय, मास्तर. दुसरीकडे विचारलंय. साहेबांनी सही केली, तुमची राहिलीय.”

आठ दिवसांत त्या उतरल्या होत्या. मास्तर खुर्चीतून उठले. बाहेर कोणी नाही हे पाहून त्यांनी दार लोटलं.

“वहिनी, घरी मला कळलं सगळं. मी... पुढे बघू आपण काय करता येतं ते.” मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “एकदा ह्यावर नजर टाकता का? निळा मारतोय का हो?”

वहिनी टेबलाजवळ आल्या आणि पडद्याकडे पाहू लागल्या. त्यांनी घाई केली नाही. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता, त्याचा रंग मास्तरांना कळत नव्हता.

“नाही मास्तर,” त्या म्हणाल्या. “पांढरा आहे. आता हात लावू नका.”

मास्तरांनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.  हे विचारता येईल असं दुसरं माणूस त्यांच्याजवळ नव्हतं.

“सही इथं,” वहिनींनी बोट ठेवलं.

त्यांनी सही केली. वहिनींनी शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला, घडी घातली आणि त्या आल्या तशा निघून गेल्या.

“घेऊन जायचा का? साहेब आलेत,” डिझाइनवालीने विचारलं.

“चला,” मास्तर म्हणाले. दोघांनी दोन्ही बाजूंनी मॉनिटर उचलला. डिझाइनच्या खोलीत साहेबांनी खुर्ची पुढे ओढून ठेवली होती, आणि चष्मा रुमालाने पुसत ते वाट पाहत होते.